खंडेनवमीचे बूट

३१ ऑगस्ट २०२५, रविवार. रुपये १,४४०. सिन्नरच्या बाजारात पुंजाने एवढ्याला बुटांचा एक जोड घेतला. त्यातले बाराशे त्याचे होते, दोनशे चाळीस मी उसने घातले.

पुंजा पेठ तालुक्यातला. भातलावणी उरकली की बायको मैनाबाईसह सिन्नरला यायचा आणि आमच्या फाउंड्रीत ठेकेदाराकडे लागायचा. ओतलेले पंपाचे भाग उचलून टेम्पोत भरायचे, हे त्याचे काम. मी तिथे हिशेब विभागात आहे, या मार्चअखेर निवृत्त होईन. त्या महिन्यात ठेकेदाराने सांगून टाकले की पुढे बोटांवर लोखंडी टोपी असलेला बूट नसेल तर एक तारखेपासून गेटात प्रवेश नाही. आणि बूट ज्याचे त्याने आणायचे. कारखान्याच्या बुटांची बिले माझ्याकडून जातात, म्हणून पुंजाने मला सोबत नेले.

आधी त्याने साडेसहाशेचा जोड उचलला. मी तळवा वाकवून दाखवला. नुसता चिकटवलेला होता, गरम जमिनीवर दोन महिन्यांत सुटला असता. शिवलेल्या तळव्याचा आठ नंबर घालून पाहिला, तर करंगळी टोपीला घासू लागली. जन्मभर अनवाणी डोंगर चढून आणि भाताच्या चिखलात उभे राहून त्याची बोटे पंख्यासारखी पसरलेली होती. दुकानदाराने दहा नंबर काढला. त्यात टाच वर-खाली होऊ लागली.

मैनाबाईने बुटात हात घालून पाहिला. "ह्यात कोंबडी बसवली तर पिलं काढंल," ती म्हणाली.

"तू बस मग," पुंजा म्हणाला.

शेवटी वरच्या फळीवरून रुंद पंजाचा एक जोड निघाला. मी त्याला जाड मोजे घालून दुकानात फेऱ्या मारायला, उकिडवे बसायला लावले. बोटे आत हलत होती, टाच जागची हलत नव्हती.

"चावत नाय," तो म्हणाला आणि पुन्हा एक फेरी मारून आला.

बुटांना तो फार जपायचा. सुटी झाली की फडक्याने पुसून, शेंगदाण्याच्या तेलाचे बोट फिरवून खोलीतल्या खिळ्याला टांगायचा. पायाला फोड आला नाही, असे भेटला की सांगायचा.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा असते. घण, पहारी, सांडश्या धुऊन, हळदकुंकू लावून ओळीने मांडतात, आणि पूजेला लावलेले हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी हलवत नाही. पुंजाने त्या ओळीच्या टोकाला आपले बूट ठेवले, त्यांवर झेंडूचे एकेक फूल.

सुपरवायझर सोमनाथ म्हणाला, "पुंजा, देवापुढं पायताण? उद्या चड्डीपण मांडशील."

सगळे हसले. पुंजा हसला नाही. "घण गेला तर दुसरा येतो, भाऊ. पाय गेला तर? हे माझं हत्यारच हाय."

सोमनाथने डोके हलवले आणि बुटांनाही कुंकवाचे बोट लावले.

प्रसाद वाटून माणसे निघण्याच्या बेतात असताना ठेकेदाराचा फोन आला. सुटीच्या आत एक टेम्पो भरून जायलाच हवा होता. पूजेला न लावलेली जुनी पहार कोपऱ्यातून निघाली. जुने बूट मात्र कोणाकडे शिल्लक नसतात. इतरांनी पायातले बूट काढलेच नव्हते. पुंजा रबरी चपलेवर आला.

"बूट घाल," सोमनाथ म्हणाला.

"आज नाय. पूजेत हायेत."

"मग घरी जा."

"घरी गेलो तर हजेरी लावशील का?"

सोमनाथ टेम्पोकडे वळला आणि पुंजा मागोमाग भाग उचलू लागला. टेम्पो अर्धा भरला होता. पंपाचा एक भाग फळीवरून घसरला आणि पुंजाच्या उजव्या पायावर पडला. ओळीतली हळद-कुंकवाची पहारच त्यांनी शेवटी उचलली, त्याचा पाय सोडवायला.

दवाखान्यात अंगठा आणि शेजारची दोन बोटे काढली. ठेकेदाराने औषधाचे पैसे दिले आणि भरपाईचे नाव काढताच विचारले, "त्याच्या पायात बूट होते का?" सोमनाथला खरे सांगावे लागले. मीही तेच सांगितले, कारण तेच घडले होते. प्रकरण तिथेच थांबले.

पुंजा दिवाळीनंतर पुन्हा गेटावर आला, तेच पूजेतले बूट घालून. उजव्या टोपीत मैनाबाईने चिंध्या कोंबल्या होत्या. रखवालदाराने बूट पाहून आत सोडले. सोमनाथने त्याला एक भाग उचलायला लावला. चार पावलांत त्याचा तोल गेला आणि भाग खाली ठेवावा लागला.

"अंगठा नाय तर जोर लागत नाय," पुंजा म्हणाला. सोमनाथने त्याला पाणी दिले आणि बाहेरपर्यंत सोडायला गेला.

आता तो पेठला घरीच असतो. मैनाबाई दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जाते. फेब्रुवारीत ती मला बसस्टँडवर भेटली. पायात तेच बूट होते, दोन्हींत चिंध्या घालून. बागेत काटेकुटे फार असतात, म्हणाली. तिने कनवटीचे शंभर रुपये काढून दिले. मी नको म्हटले, तिने ऐकले नाही.

एकशे चाळीस बाकी आहेत.