भरलेले हात

माणसं टपालवाल्याची वाट बघतात आणि बेलीफ दिसला की दार लावून घेतात. चालणं दोघांचं सारखंच. ऊन तेच, रस्ता तोच, खांद्याला पिशवीही तशीच. पण बेलीफाच्या पिशवीत कोर्टाचं समन्स असतं, आणि ते ज्याच्या हाती पडतं त्याला समोर न्यायाधीश दिसत नाही, बेलीफच दिसतो. मग राग कुणावर निघणार?

आमचे बेलीफदादा या धंद्यात केस पिकेपर्यंत टिकले ते एका नेमावर. समन्स द्यायचं ते माणसाचे हात भरलेले असताना. "रिकामा हात उगारला जातो," ते म्हणत. "भरलेला हात आधी मोकळा करावा लागतो, आणि तेवढ्यात राग निवतो." म्हणून पाववाल्याला ते पिठात कोपरापर्यंत बुडालेला असताना गाठत. रंगाऱ्याला शिडीवर. एका कंत्राटदाराला तर न्हाव्याच्या खुर्चीत गाठलं होतं. "अर्धी दाढी झालेला माणूस फार सोशिक," दादा सांगत. "चिडतो, पण रस्त्यावर धावत येत नाही."

बाकीची काळजीही ते घेत. सायकल आधी परतीच्या दिशेला वळवून ठेवायची. दारासमोर उभं राहायचं नाही, चौकटीच्या बाजूला राहायचं. लांबूनच मोठ्यानं सांगायचं, बेलीफ आलाय म्हणून. दचकलेला माणूस आणि दचकलेला बैल यांत दादा फरक करत नसत.

एकदाच नेम मोडला. घाई होती, आणि समोरचा कमरेवर हात ठेवून मोकळाच उभा होता. त्यानं स्टूल फेकून मारलं. दादांचं डावं मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी वहिनी चहाचा कप समोर ठेवून म्हणाल्या, "अहो, ऐका. यापुढे अंगावर एक ओरखडा जरी घेऊन आलात, तर दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या साहेबांकडे जायचं आणि रेकॉर्डरूमची बदली मागून घ्यायची."

रेकॉर्डरूम म्हणजे कोर्टाच्या मागची जुन्या कागदांची खोली. एक खिडकी, तीही कपाटाआड. दादांना वारा लागल्याशिवाय जेवण जात नसे. पण वहिनींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी मान डोलावली.

आणि नेमकं तेव्हाच वखारवाल्याचं समन्स निघालं.

वखारवाला म्हणजे लाकडाच्या वखारीचा मालक. शेजाऱ्यानं त्याच्यावर सामाईक भिंतीवरून दावा लावला होता. दोन बेलीफ त्यानं पळवून लावले होते. दाराला कागद डकवला, तर "वाऱ्यानं उडाला असेल" म्हणाला. शेवटी साहेबांनी हुकूम दिला, कागद त्याच्या हातातच पडला पाहिजे. ते समन्स दादांकडे आलं.

दादा वखारीसमोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसले. हवेत भुशाचा गोड वास, करवतीची घरघर. वखारवाल्याचे हात भरलेलेच होते, पण कधी कुऱ्हाडीनं, कधी हातोड्यानं.

"जा की," चहावाला म्हणाला. "हात भरलेत त्याचे."

"कशानं भरलेत तेही बघावं लागतं बाबा."

दुपारी वखारवाला डबा उघडून बसला. दादा उठले नाहीत. जेवत्या माणसाला कोर्टाचा कागद द्यायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा होता.

ऊन कललं. करवत थांबली. मागच्या घरातून रडण्याचा आवाज आला आणि वखारवाला बाहेर आला तो खांद्यावर नात घेऊन. पोर लालबुंद झालेली, आणि तो लाकडाच्या ढिगांमधून येरझाऱ्या घालतोय. दोन्ही हात भरलेले. दादांनी सायकल वळवून लावली आणि लांबूनच सांगितलं, "मालक, मी बेलीफ. समन्स आणलंय."

वखारवाला थांबला. त्यानं दादांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग जवळ आला आणि म्हणाला, "धरा."

दादांच्या हातात पोर आली.

आता बघा. दादांचे हात भरले, आणि समोरचा बाह्या सरसावतोय. सायकल तोंड वळवून तयार, पण पोर घेऊन पळणार कुठं? आयुष्यभराचा नेम असा उलटा होऊन समोर उभा राहिला.

पण पोरीनं दादांचा अंगठा पकडला, तोंडात घातला आणि ती कचकन चावली. दादांनी हूं की चूं केलं नाही. ती चावत राहिली, मग नुसतीच चोखत राहिली, आणि बघता बघता तिचे डोळे मिटले.

वखारवाल्याचा वर गेलेला हात तसाच राहिला.

"सकाळपासून डोळ्याला डोळा नाही तिच्या," तो कुजबुजला. "दात येतायत. तिची आई रडकुंडीला आलीय. हलू नका."

"नाही हलत," दादाही कुजबुजले.

"तुमचं तंगडं मोडणार होतो मी."

"मोडा, पण हळू. उठेल."

वखारवाल्याच्या मिशीखाली हसू हललं, ते त्यानं गिळलं. "कागद कुठाय?"

"पिशवीत. वरचाच. माझे हात गुंतलेत, तुम्हीच घ्या."

आणि ज्यानं दोन बेलीफ पळवले, त्यानं तिसऱ्याच्या पिशवीत स्वतः हात घालून स्वतःचं समन्स काढलं. फळीवर ठेवून वाचलं. शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तोही कुजबुजत. सही केली. तेवढ्यात त्याची लेक, पोरीची आई, बाहेर आली आणि तिनं पोर अलगद उचलून घेतली.

दादा जिंकून निघाले खरे, पण घराजवळ सायकलवरून उतरल्यावर त्यांनी हात बघितला. अंगठ्यावर लाल खूण उठली होती. त्यांनी हात खिशात घातला.

वहिनी दारातच. "हात का खिशात? उन्हाळ्यात थंडी वाजते का?"

लपवून उपयोग नव्हता. दादांनी हात पुढे केला.

"मारलं?"

"चावलं."

"वखारवाला चावला?"

"त्याची नात."

"काहीतरी सांगू नका." वहिनींनी अंगठा धरून त्यांना खिडकीपाशी नेलं. उजेडात वळवून वळवून बघितलं. तीन लेकरं वाढवलेली बाई. एका बाजूला दोन बारीक खुणा होत्या, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.

"खालचे दोन आलेत," त्या शेवटी म्हणाल्या. "वरचे अजून यायचेत."

"मग, रेकॉर्डरूम?" दादांनी हळूच विचारलं.

"दुधाचे दात धरायचे नाहीत," वहिनींनी निकाल दिला, आणि हळद आणायला आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "पण त्या घरी पुढचं समन्स असेल, तर वरचे यायच्या आत उरका."