धुतलेल्या काचा

अजूनही कुणी गणपतीची तसबीर उन्हात धरली की ती केस माझ्यापुढे उभी राहते. निजामी राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते, पंचनामे अजून उर्दूतच लिहीत. मी जालन्याला फौजदार होतो. माझ्या खाकरण्यानं बदनापूरला आगगाडी थांबते, असं लोक म्हणत. मी ते कधी खोडून काढलं नाही.

एक निवृत्त ख्रिस्ती मास्तर फिर्याद घेऊन आले. भागातल्या जुन्या चर्चांचे फोटो ते जपत, अभ्यासत. फोटो काचेवरचे, त्यांवरून कागदी फोटो छापतात. त्या काचांची पेटीच चोरीला गेली होती.

"चर्चचा मनोरा पडलाय, साहेब. पुन्हा उभा करायचा तर त्याची घडण त्या काचांतच आहे." मग खाली बघत म्हणाले, "एका काचेत चर्चच्या पायरीवर माझी बायको उभी आहे. प्लेगात गेली. कागदावरचा फोटो वाळवीनं खाल्ला. तेवढी काचच उरली होती."

मी इतके चोर ठाण्यात आणून बसवले, की जालन्यात चोरी करायला माणूस उरला नाही. उपयोग शून्य. मग राजूरला बांगड्या विकणारा आमचा खबऱ्या आला.

"साहेब, देवळापाशी गणपतीची तसबीर घेतली. उन्हात धरली तर सोंडेमागं कसला तरी मनोरा दिसून राह्यला."

तसबिरी मढवणाऱ्याला उचललं. मास्तरांच्या पेटीत काचा उभ्या ठेवायचे खण यानंच पाडले होते. मी हात लावला नाही. ठाण्याच्या अंगणात तीच तसबीर उन्हात त्याच्यापुढं ठेवली आणि पान लावत बसलो. माझं पान लावून व्हायच्या आत तो बोलला.

"काच मिळंना झाल्ती, साहेब. अन् त्यांच्यावर होतं काय? काळी तोंडं, पांढरे केस. भुतं कोण जपतं?"

"अरे, छापल्यावर काळ्याचं पांढरं होतं. बाकीच्या काचा कुठं?"

"गरम पाण्यात सोडा टाकून बराबर घासल्या. देव बसवायचा, मंग काच शुद्ध नको का? ही एक जल्दीत राह्यली."

घासण्याचा त्याला अभिमान होता.

घरोघरी शिव्या खात आम्ही तसबिरी उतरवल्या. मनोरा अर्धामुर्धा त्या एका काचेत उरला होता. बाकी काचा लख्ख.

कोर्टात मास्तरांनी कोपरा तुटलेली एक काच ओळखून उचलली. आरोपीच्या वकिलानं हसत विचारलं, "यात काय दिसतं?"

"पायरी. मागं दार. ती उभी आहे, पदर डोक्यावरून. ऊन तोंडावर आलंय, म्हणून डोळे बारीक केलेत."

वकील खाली बसला. आरोपीनं तेव्हा कुठं मान खाली घातली. त्याला शिक्षा झाली.

'माल फिर्यादीस परत' हा शेरा मी उभ्या नोकरीत पुष्कळ वेळा लिहिला. त्या दिवशीही लिहिला, आणि कायद्यानं तो खराच होता. त्यानंतर मात्र तो लिहिण्याआधी मी फिर्यादीच्या तोंडाकडे बघायला शिकलो. बाहेर पेटी बांधताना मास्तरांनी ती काच क्षणभर माझ्या हातात दिली. मी तिच्यातून पाहिलं. पलीकडे कोर्टाच्या पायरीवर मास्तर उभे होते, उन्हानं डोळे बारीक करून.