एक फूट कमी

परवा गवंड्याने कापडी टेप उलगडला आणि त्या मेणकापडाच्या वासाने माझं डोकं फिरलं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी तिथे मोजमापाच्या कामावर होतो. नवरा गेल्यावर ताईने शिवणकामावर घर चालवायचं ठरवलं आणि भिलाईतल्याच पॉवर हाउस वस्तीत एक भाड्याची खोली पाहिली. मालकाने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरीकडे उभं राहून वाचलं, "दस बाय आठ." स्टँपपेपरवर तेच लिहिलं. करार तीन वर्षांचा.

ताईचं कापायचं टेबल साडेनऊ फुटांचं. ते आत मावेचना. मी स्टीलच्या पट्टीने मोजलं, तर नऊ बाय सात! ऐंशीऐवजी त्रेसष्ट चौरस फूट. मालकाच्या टेपचा पहिला फूट तुटलेला होता.

"बाबूजी, दस्तखत से पहले देखना था ना," तो हसला.

"कावून रे," ताई मला म्हणाली, "टोक तं तूच धरलं होतं ना?"

मालक लबाड होताच. पण अंगठ्याखालचा आकडा मी वाचला नाही, याची चीड आज जास्त येते. ताईने सुतार बोलावला.

"काप दादा टेबल," ती म्हणाली. "माप तूच घे, याले नको विचारू."