खिळ्यावरचा चष्मा

चष्म्याच्या दुकानदारानं कानावरची पेन्सिल काढली. दाराआड खिळ्याला एक जुना, बिनकाचांचा चष्मा टांगलेला होता. तो पेन्सिलीच्या टोकावर उचलला आणि वरनं माझ्या ओंजळीत सोडला.

"हा लाव. माप कळेल."

चष्म्याची एक काडी मोडलेली. तिथं काळा दोरा गुंडाळलेला. नाकावर टेकतो त्या जागी कुणाचा तरी घाम वाळून पांढरा झालेला. मी पायरीखाली उभी, तो आत काचेच्या कपाटापाशी. आई माझ्या मागं, रस्त्यावर, उन्हात. मला राग आला होता असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खोटं होईल. मी भ्याले होते.

भ्यायचं कारण होतं. सांगलीच्या एका गिरणीत मी सूत जोडायला होते. सुताची कांडी फिरत असते, सूत तुटतं, ते पकडायचं आणि गाठ मारायची. केसाएवढं सूत, ते दिसायला तर हवं. एके दिवशी फिरती कांडी उडाली आणि माझ्या डाव्या डोळ्यावर बसली. सूज उतरली, धुकं राहिलं. उजवा डोळाही त्याच्या नादानं दुखायला लागला. माणसाचं तोंड म्हणजे नुसता गोळा. सूत तर नाहीच.

आमचा जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, म्हणाला, "सोमवारी ये. माझ्यासमोर सूत जोडून दाखव. जमलं तर काम, न्हाई तर गावाकडची वाट धर."

गाव म्हणजे कुंडलकडची आमची वस्ती. गावाकडं जायचं म्हणजे परत त्याच लोकांच्या उसात पाला काढायचा, ज्यांच्या दारात आईनं लांबनं टाकलेली भाकरी पदरात झेलली. माझ्या पगारावर मी तिला तिथनं उचलून सांगलीला आणली होती. एक खोली, स्वतःचा नळ नाही, पण स्वतःची चूल. ती चूल त्या सोमवारवर टांगली होती.

विम्याचे पैसे पगारातनं कापले जात. कामावर डोळ्याला इजा झाली म्हणून चष्मा विम्यातनं मिळणार होता. विमा दवाखान्यानं मिरजेला धाडलं, तिथं नंबर निघाला, चिठ्ठी मिळाली. मला वाटलं, झालं काम. मग सांगलीतली चष्म्याची दुकानं पालथी घातली. एक म्हणाला, "सरकारी चिठ्ठी? त्या पैशाची वाट बघून माझा नातू म्हातारा होईल." दुसऱ्यानं चिठ्ठी हातात न घेताच मान हलवली. तिसऱ्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. शेवटी विम्याच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "साताऱ्यात एक जण घेतो. एकच आहे. त्याच्याशी जरा नमतं घे. अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

शनिवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. अख्ख्या वाटेत मी एकच धंदा केला. उजवा डोळा झाकायचा आणि बाहेर तारेचे खांब दिसतात का बघायचं. खांब दिसत, तारा दिसत नसत. आईनं माझा हात धरून खाली ओढला. "नगं बघूस सारखं," ती म्हणाली, "नजर आणिक भिईल."

दुकानात आमच्या आधी एक गडी होता. कऱ्हाडकडच्या कुठल्याशा कारखान्यातला. त्याच्याही हातात विम्याचीच चिठ्ठी होती. त्याला गादीच्या खुर्चीवर बसवलं. पुढ्यात आरसा धरला. दुकानदारानं स्वतःच्या बोटांनी त्याच्या कानामागं काडी बसवली, "टोचत नाही ना पाटील?" म्हणून विचारलं. जाड काळी फ्रेम. पहिली त्याला घट्ट झाली, ती तशीच बाकावर ठेवून दुसरी दिली. तो खुशीत गेला. मला धीर आला. पायरीवर मी एक पाय ठेवला.

त्यानं माझी चिठ्ठी आणि विम्याचं कार्ड हातात घेतलं. आडनाव वाचलं. "गाव कुठलं?"

"कुंडलकडचं."

"गावात राहता, का गावाबाहेर?"

मी बोलायच्या आत मागनं आई बोलली, "भाईर, आवं मालक. भाईरच हाय आमी." तिला कुणी विचारलं की ती अशीच सांगून टाकायची, आपलाच गुन्हा असल्यासारखी. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी तिच्या कडेवर होते. देव्हारा मोडला, गळ्यातले दोरे तोडले. पण तिच्या पाठीचा बाक कोण मोडणार?

त्यानं कार्ड बाकाच्या कडेला ठेवलं. "पाय खाली घे. तिथूनच." आणि मग ती पेन्सिल.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला आमच्यासाठी वेगळी कपबशी पालथी घातलेली असायची. आपणच घ्यायची, आपणच विसळायची, आपणच पालथी घालायची. साताऱ्यासारख्या शहरात, वीज असलेल्या, पंखा असलेल्या दुकानात ती कपबशी खिळ्याला टांगलेली होती, एवढाच फरक. माझ्याआधी तो चष्मा कुणाकुणाच्या नाकावर बसला असेल, ते मला ठाऊक होतं. सगळे माझेच.

आणि मी तो लावला. होय, लावला. सोमवार डोळ्यांपुढं होता.

त्यानं माझ्या नंबरची भिंगं कागदावर सरकवली. मी ती माझ्या हातानं त्या चष्म्यात बसवली. आणि दिसलं. खिळा दिसला. कपाटातल्या फ्रेमा एकेक दिसल्या. मी वळले आणि मला आईचं तोंड दिसलं, किती तरी दिवसांनी. ती हात जोडून उभी होती. कुणीही सांगितलं नव्हतं, तरी जोडून. तिच्या तोंडावर जी भीती होती तीच माझ्या तोंडावर असणार, हे मला त्या क्षणी कळलं. मला लाज वाटली. तिची नाही, दोघींची.

"फ्रेम महिन्यानं मिळेल," तो म्हणाला. "मागवावी लागते."

"ती काळी हाय की." बाकावर पाटलानं सोडलेली फ्रेम होती. मी बोट दाखवलं.

"ती गिऱ्हाइकांची आहे."

"त्यांचीबी इम्याचीच चिठ्ठी हुती."

"तुला चष्मा हवाय का वाद घालायचाय? नको असेल तर दुसरं दुकान बघ."

दुसरं दुकान नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. तरीही मी पायरी चढले. उंबरा ओलांडला. ती काळी फ्रेम उचलली, डोळ्यांवर चढवली आणि आरशासमोर उभी राहिले.

मागनं आई म्हणाली, "पोरी, ठिव ती. पाया पडते तुझ्या."

तो दोन पावलं मागं सरला. "काय केलंस हे? आता ही कोण घेणार?"

"म्याच घेणार," मी म्हणाले. आवाज चिरकला, पण निघाला. "भिंगं बसवा. सोमवारी कामाव जायाचंय."

मी फ्रेम काढून बाकावर ठेवली. मग फडक्यात धरून त्यानं ती फ्रेम आत नेली. "संध्याकाळी या."

दुपारभर आम्ही समोरच्या ओट्यावर बसलो. पोलीस येईल, असं मला सारखं वाटत होतं. भाकरीचं फडकं सोडलं आणि तसंच परत बांधलं. संध्याकाळी त्यानं कागदात गुंडाळून चष्मा पायरीवर ठेवला.

परतीच्या एसटीत मला तारा दिसत होत्या. आणि मी रडत होते. आई म्हणाली, "मिळाला न्हवं? मग का रडतीस?"

तिला काय सांगू? त्यानं मला चष्मा दिला तो माझा हक्क म्हणून नाही. माझ्या पगारातनं कापलेल्या विम्याखातर नाही, माझ्या फुटक्या डोळ्याखातर तर नाहीच. माझा हात लागला म्हणून दिला. त्याच्या लेखी ती फ्रेम बाटली होती. मी जिंकले ते त्याच्याच नियमानं. असली जीत मला नको होती.

सोमवारी मी जॉबरसमोर सूत जोडलं. एकही गाठ चुकली नाही. तो "हं" म्हणाला आणि गेला. चूल वाचली.

पण गिरणीत डोळे फक्त माझेच जात नाहीत. आमच्याच खात्यातल्या आणि आमच्यातल्याच, माण तालुक्यातल्या एका पोरीला आता तसलीच चिठ्ठी मिळालीय. ती मला विचारायला आली, "आक्का, कुठलं दुकान घेतंय गं?" मी पत्ता सांगितला नाही. म्हटलं, मी येते.

भीती गेली, असं मी म्हणणार नाही. हे लिहितानाही ती आहेच. तिला बरोबर घेऊनच मी जाणार आहे. पायरी चढणार. पहिल्यांदा तो खिळ्यावरचा चष्मा उतरवून मोडणार, त्याच्यादेखत. मग त्या पोरीला गादीच्या खुर्चीवर बसवणार. आणि या वेळी आमच्यापैकी कुणी फ्रेमेला हात लावणार नाही. तोच काढेल, तोच तिच्या कानामागं स्वतःच्या बोटांनी काडी बसवेल, टोचतं का म्हणून विचारेल. तोवर आम्ही दोघी तिथनं हलणार नाही.