कितव्या पानावर?

तपकिरीचा वास आला की मला अजून मुरबाडच्या वाचनालयातले ते ग्रंथपाल आठवतात. एका उतावळ्या तरुणावरची जाड कादंबरी तिथे होती. ती परत करणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे, "पोरगा जाणता कितव्या पानावर झाला?"

मी तेव्हा वेठबिगारीविरुद्ध पत्रकं वाटायचो. कादंबरी परत करताना म्हटलं, "भर सभेत सावकाराला सुनावतो, तिथं!"

"नाय रे. तिथं तो नुसता ओरडतो. परत वाच."

पुढे धसईपलीकडच्या पाड्यावर मी सांगितलं, वेठीला जाऊ नका, मी पाठीशी आहे. लोक गेले नाहीत. जमीनदाराच्या माणसांनी त्यांना झोडपलं. फुकट राबवायचं आणि वर मारायचं! आणि मी? मुरबाडात बसून नवं पत्रक लिहीत होतो. आता पाड्यावर तोंड दाखवायची छाती होईना.

हे ऐकल्यावर ऐन बाजाराच्या दिवशी ग्रंथपालांनी वाचनालयाला कुलूप लावलं. "चल, मी येतो संगती. पत्रकं हितंच ठेव."

पाड्यावर एका म्हातारीने विचारलं, "तवा कुठं व्हतास रे?" मी मान खाली घालून खरं ते सांगितलं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

कितवं पान, हे ग्रंथपालांनी मला पुन्हा कधीच विचारलं नाही.