देवराव मास्तरांनी शिकवलेली गती

आम्ही तिघे जुने वर्गमित्र भेटलो की देवराव मास्तरांचा विषय निघतोच, आणि दरवेळी कुणाला तरी एखादा नवा किस्सा आठवतो. परभणीकडच्या आमच्या शाळेत ते सायन्स शिकवत. निजामाचा अंमल, त्यामुळे शिकवणं उर्दूत. मास्तरांची आणि आमची बोली मात्र मराठी.

गतीचे तिन्ही नियम त्यांनी आमच्याकडून उर्दूत घोकून घेतले. पेडगावच्या सखारामनं विचारलं, "मास्तर, पर ह्याचा अर्थ काय?"

"आत्ता पाठ करा. अर्थ पुढच्या इयत्तेत हाय."

पुढच्या इयत्तेत सायन्सच नव्हतं.

*

एकदा प्रयोगही झाला. पेल्यावर पुठ्ठा, त्यावर रुपया. पुठ्ठा झटक्यात ओढला की रुपया पेल्यात पडायला हवा. पण पेला हेडमास्तरांचा, काचेचा! मास्तरांनी पुठ्ठा जपून, हळूहळू ओढला. रुपया पुठ्ठ्याबरोबर निघून आला.

मास्तर शांतपणे म्हणाले, "नियम इंग्रजांचा हाय. त्याला इंग्रजांचाच कलदार रुपया लागतो. ह्यो आपला निजामाचा हाली रुपया."

*

मास्तर सहा वर्षं हंगामी होते. शाळा तपासायला वरचे साहेब आले. शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसायचं.

साहेबांनी वर्गाला विचारलं, "बैल गाडी को खींचता, गाडी भी बैल को उतनाच खींचती. फिर चलती कैसे?"

सखाराम उठला. "बैल पायानं जमीन मागं रेटतोय साहेब, म्हणून जमीन त्याला फुडं ढकलती. चिखलात पाय सरकला की गाडी हालत न्हाई."

साहेब मास्तरांकडे वळले. "ये किताब में है?"

"नाही, हुजूर."

"तो गलत."

बरोबर उत्तराबद्दल सखारामला दोन छड्या मिळाल्या. शेरा साहेब जाताना लिहिणार होते.

*

फाटकाबाहेरच साहेबांची दमणी, छपराची बैलगाडी, काळ्या चिखलात रुतली. आम्ही मागून ढकलायला धावलो, तर साहेब आतून ओरडले, "दूर हटो, शेरवानी पर कीचड उडेगा!" मग त्यांनी शिपायाला दमणीतच उभं केलं आणि पुढचा कठडा आतून ढकलायला लावला. शिपाई घामाघूम झाला, दमणी तिथंच.

सखाराम मास्तरांना हळूच म्हणाला, "आतून ढकलून कशी हालंल? सांगा की सायबाला."

साहेबांच्या मांडीवर शेऱ्याची वही उघडी होती. "मास्तर, आप तो सायन्स के हैं. देखो जरा."

मास्तरांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. मग धोतर खोचून दमणीत चढले आणि शिपायाशेजारी उभं राहून आतून जीव खाऊन ढकलू लागले.

"अब बराबर जोर लगा," साहेब खूश होऊन म्हणाले, आणि रुतलेल्या दमणीत बसूनच त्यांनी मास्तरांना कायम केलं.