अर्धा फळा

गावात बोललं जातं की पारुलबेन पोरीला अफू चाटवतात. शाळेत खिचडी शिजवणारी जीवीमा हे सांगताना पदर नाकापर्यंत ओढते, एक डोळा बारीक करते आणि "मी नाही म्हणत हं, लोक म्हणतात" अशी सुरुवात करते. "अकरा महिन्यांचं पोर. चाळीस पोरांच्या कल्लोळात दोन-दोन तास झोपतंय. सरळ झोप आहे का ही? बोटाला लावून देत असणार मास्तरीण. तिला तरी कोण बोलणार, नवरा सुरतेत, सासू सुरतेत."

तर आधी हे खोडून टाकते. अफूबिफू काही नाही. मी आठवीत पहिल्या बाकावर बसते, झोळी माझ्यापासून हातभर लांब असते, आणि घरी आमच्या नि त्यांच्या मध्ये एकच भिंत आहे. ही पोर, हीर, पाढ्यांवर झोपते. आईच्या आवाजातले पाढे, बरोबर झोळीचा झोका, एवढंच तिला चालतं. अंगाईचा पहिला शब्द ऐकला की ती ओठ काढते.

झोळी आमच्या वर्गात लाकडी घोडीवर टांगलेली आहे. दोरीचं एक टोक झोळीला, दुसरं पारुलबेनच्या डाव्या मनगटाला. उजव्या हातात खडू. ही दोरी फळ्याच्या मध्यापर्यंतच पोचते, त्यामुळे आमचं अख्ख्या वर्षाचं गणित डाव्या अर्ध्या फळ्यावर झालं. उजवीकडे अजून मागच्या आठवीच्या निरोपाचं रंगीत खडूनं काढलेलं 'आवजो' आहे. ते पुसायचं कोणाच्या मनातही येत नाही. मागच्या बाकावरच्या पोरांना दोरीची लांबी तोंडपाठ आहे. तिथपर्यंत बेन येऊ शकत नाहीत. खडू मात्र येतो, आणि आजवर एकदाही चुकलेला नाही.

हे असं आधी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी चेतनभाईंचं चौकात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं आणि सासूबाई, सविताबा, नातवाला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकाशी उभ्या असायच्या. मग दुकान चालेना म्हणून चेतनभाई धाकट्या भावाकडे सुरतला हिरे घासायला गेले. हीर झाली. ती तीन महिन्यांची असताना धाकट्या जावेचं बाळंतपण आलं आणि बा "दोन महिन्यांत येते" म्हणून गेल्या. दोनाचे आठ झाले. घरात उरले चार वर्षांचा ध्रुविल, हीर आणि पारुलबेन.

ध्रुविलला पहिलीत नुसताच बसवतात. शाळेत मम्मी म्हणायचं नाही, बेन म्हणायचं, असं त्याला शिकवलं. आता तो घरीही तेच म्हणतो. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं: "बेन, शी झाली."

"शाळा सुटली ना, बेटा. मम्मी म्हण."

"मग तू पाढे का म्हणतेस?"

रविवार असो, संक्रांत असो, दुपार झाली की भिंतीपलीकडे सात एके सात सुरू. उपाय सगळे करून झाले. मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवला, तर हीरनं मोबाइलच्या मागे आई शोधली, सापडली नाही, आणि मग जी रडली ती आमच्या म्हशीनं बिचकून दूध वर चढवेपर्यंत. दिवाळीत पोरांना घेऊन सुरतची बस धरली. दोन तास पाढे म्हटले, बेनचा आवाज बसला, आणि तिथून पुढे हीरचा सुरू झाला. कंडक्टर तंबाखू गालात ढकलून म्हणाला म्हणे, "बेन, एक तर पोरगी उतरेल, नाहीतर अख्खी बस उतरेल." मधल्याच कुठल्या स्टँडवरून त्या परत आल्या. त्यानंतर बसचं नाव काढलं नाही.

आणि नेमकं बदलीचं पत्र आलं. मंगळवारी राजकोटला कॅम्प. नाव पुकारलं की उठायचं, भिंतीवरच्या यादीतली सुरतेकडची एक शाळा निवडायची, सही करायची. हजर नसलात तर नंबर पुढच्याला, आणि आपण पुढच्या वर्षी. पारुलबेनचा नंबर वरचा होता. एक दिवस पोरांशिवाय जाता आलं, की हे सगळं संपणार होतं. त्या रात्री फोन स्पीकरवर होता.

"तू फक्त तिथे पोच," चेतनभाई म्हणाले. "बाकी सगळं जुळेल."

"पोचते. पोरं कुठे ठेवू, पर्समध्ये?"

"शेजारी ठेव ना."

"शेजाऱ्यांना सातचा पाढा माझ्या आवाजात येतो का?"

"मला सुट्टी नाही गं. हिरे घासायची घंटी सोडली तर माझ्या जागी दुसरा बसेल."

"बांना पाठवा. दोन दिवस."

मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. "बा म्हणते, धाकट्या सुनेला अजून बरं नाही."

"बरं," पारुलबेन म्हणाल्या. त्यांचं 'बरं' मी कितीही वेळा काढून दाखवू शकते. दार लोटल्यासारखं असतं.

आता माझं सांगायला हवं. मला लोकांचे आवाज काढता येतात. शाळेचे आचार्य वाळासाहेब, जीवीमा, दूध गोळा करणारा टेम्पो, सगळे. शनिवारी मधल्या सुट्टीत मी मनगटाला रिबन बांधून पारुलबेन करत होते: "सात त्रिक एकवीस, ए मागचा, तुझ्या घरी कळवू का, सात चोक अठ्ठावीस." वर्ग हसून लोळत होता. मग एकदम हसायचा थांबला. बेन दारात होत्या.

"पुन्हा कर," त्या म्हणाल्या.

"चुकले, बेन."

"चुकली नाहीस. पुन्हा कर."

मी केलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या, कानाचं दुखणं तपासतात तशा. मग म्हणाल्या, "हीर झोपेल याच्यावर?"

"बाराच्या पाढ्याच्या आत," मी म्हणाले. "पैज."

"नाही झोपणार. लाव पैज. झोपली तर मी मंगळवारी राजकोटला, आणि तुमच्या आठवीच्या निरोपाला सगळ्या गावासमोर तू माझी नक्कल कर, मी पहिल्या खुर्चीत बसून बघेन. नाही झोपली तर पुन्हा माझा आवाज काढायचा नाही. कधीच."

एवढा हरायला उतावीळ माणूस मी पैज लावताना पाहिला नव्हता.

रविवारी दुपारी गेले तर खुंटीवर इस्त्रीची साडी होती, खाली कागदांची फाइल, वर पाण्याची बाटलीसुद्धा. पारुलबेन ओट्यावर जाऊन बसल्या, दार ओढून घेतलं. मी दोरी धरली आणि सुरू केलं. चारच्या पाढ्याला आतल्या खोलीतून ध्रुविल ओरडला, "बेन, पाणी." म्हणजे आवाज पक्का होता. हीर मात्र डोळे वाटीएवढे करून बघत होती. सातच्या पाढ्याला ती झोळीत उठून बसली. मी "ए मागचा" म्हटलं तेव्हा खुदकन हसली. नवाला टाळ्या वाजवल्या. माझा इतका चांगला प्रेक्षक आजवर झाला नाही. बारा सक बहात्तरला तिनं इकडेतिकडे पाहिलं, आई कुठेच नाही हे तिला कळलं, आणि तोंड उघडलं.

पारुलबेन आत आल्या. दोरी घेतली, भिंतीला टेकल्या. "सात एके सात." आवाज तोच, जो मी काढत होते. "सात दुणे चौदा." चारपर्यंत नीट गेलं. मग काहीच नाही. दोरी थांबली. मी पाहिलं तर त्यांचे डोळे मिटले होते, तोंड किंचित उघडं. मग कुणी ढोसल्यासारख्या त्या हलल्या, "पाचे पस्तीस," दोरी ओढली. पुन्हा दोन पायऱ्या, पुन्हा तो खड्डा. सात आठे छप्पन्नला हीर झोपलेली होती.

वर्गातही तो खड्डा रोज येत असणार. मी पहिल्या बाकावर बसून कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात आम्ही हसून घेतो.

"तू माझ्यातली ओरडणारी घेतलीस," पारुलबेन हळूच म्हणाल्या. "झोपणारी घेतली नाहीस."

"दोन दिवस आहेत, बेन. मी बसवते."

"त्याला दोन दिवस नाही, दोन पोरं लागतात." त्या हसल्या. हात दोरीवरच होता म्हणून मलाच म्हणाल्या, "ती फाइल तेवढी कपाटावर टाक. मागे टाक, ध्रुविलचा हात पोचतो."

मी टाकली. साडीची घडी घालून पेटीत ठेवली. बाटलीतलं पाणी ध्रुविलला दिलं, तो केव्हाचा मागत होता.

मंगळवारी साडेदहाला, राजकोटला नावं पुकारत असतील तेव्हा, आम्ही डाव्या अर्ध्या फळ्यावर व्याजाचं गणित करत होतो. मधल्या सुट्टीत पोरं म्हणाली, जलपा, पारुलबेन कर ना. मी म्हणाले, येत नाही.

आवाज काढणं मी सोडलंय, पैज म्हणजे पैज. लिहिण्याचं काही ठरलं नव्हतं.